पाहुण्यांच्या सोफ्यावर पोट्टे

शामला नंदनवारसमोर कोणी 'नेतृत्वगुण' हा शब्द काढला की तिच्या कपाळावर आठी पडते. तशी ती तापट नाही. वर्गात आवाज चढवायची वेळ तिच्यावर फार कमी येते. पण ह्या एका शब्दापायी तिनं जे भोगलं ते ऐकलं की तुमच्याही कपाळावर आठी पडेल.

तिच्या संस्थेच्या नागपुरात आठ शाळा. बर्डीजवळची मुख्य शाळा म्हणजे संस्थेचा लाडका लेक. तिथं नवे पंखे लागले की जुने काढून शामलाच्या शाळेत येत. ही शाळा पाचपावलीच्या पलीकडे, कोष्ट्यांच्या वस्तीत. एके काळी तिथल्या घराघरांतून हातमागाचा खटका ऐकू यायचा. आता बाप ई-रिक्षा चालवतात नाहीतर हिंगण्याच्या कारखान्यात पाळीवर जातात. संस्थेची माणसं तिला 'मागची शाळा' म्हणत, आणि तेही शिक्षकांच्या तोंडावर. शामला त्याच शाळेत शिकली, तिथंच नोकरीला लागली आणि आता पन्नाशी ओलांडून सगळ्यांत जुनी शिक्षिका झाली होती.

संस्थेचे सचिव वसंतराव. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शिपायाच्या पोरीच्या लग्नालाही जाऊन जेवून येणारा माणूस. पण त्यांना दरवर्षी एक खूळ लागे. एका वर्षी योगासनं, पुढच्या वर्षी हरित शाळा. मग कुंड्या आल्या, उन्हाळ्यात वाळल्या, आणि खूळ बदललं. ह्या वर्षी आलं नेतृत्व. आठही शाळांतल्या शिक्षकांना मुख्य शाळेच्या सभागृहात बसवून दोन दिवसांचं शिबिर झालं. पुण्याहून आलेल्या एका बाईंनी सगळ्यांना एकमेकांकडे चेंडू फेकायला लावले, छातीवर हात ठेवून 'मी नेता आहे' असं म्हणायला लावलं. शामलाचे गुडघे दुखत होते, तरी तिनंही म्हटलं. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात, खाऊन कोणाचं पोट भरतं? पण जेवण मात्र चांगलं होतं, हे ती प्रामाणिकपणे कबूल करते.

शिबिर संपलं आणि हुकूम निघाला, की प्रत्येक शाळेनं विद्यार्थ्यांचं मंत्रिमंडळ करावं. आता हे मंत्रिमंडळ कसं होतं ते ज्यानं शाळा पाहिली त्याला माहीत आहे. शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता होतं. पहिला नंबर काढणारा मुख्यमंत्री, दुसरा अभ्यासमंत्री, ज्याचा गळा मोठा तो सांस्कृतिकमंत्री. ज्याचा बाप वस्तीत वजन राखून आहे त्याच्या पोराला उरलेलं एखादं खातं. छातीवर बिल्ला लागतो, फोटो निघतो, आणि वर्षभर ते मंत्री खडू आणायला धावतात.

मुख्याध्यापक गोपाळराव मे महिन्यात निवृत्त होणार होते. त्यांना आता कशातच जीव नव्हता. ते म्हणाले, "नंदनवार मॅडम, नावं पाठवून द्या, फोटो काढा. झालं."

"सर, मी या वर्षी मंत्री नाही करत," शामला म्हणाली.

"मग काय करता?"

"पोट्ट्यांना थांबवायला शिकवते."

गोपाळरावांनी चष्मा काढून पुसला. त्यांना काही समजलं नाही, आणि समजून घ्यायची त्यांची इच्छाही दिसली नाही.

शामलाच्या डोक्यात होती पांजणी. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगायचं तर, मागावर चढवण्याआधी सुताचा लांबलचक ताणा गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधायचा, त्याला भाताची खळ लावायची, आणि दोन्ही बाजूंनी कुंचे फिरवत ती सुकवायची. सगळी गल्ली कामाला लागायची. शामलाचा बाप गेला, माग गेला, गल्लीत सिमेंट आलं. पण त्या कामातली एक रीत तिच्या अंगात मुरली होती. ओला धागा तुटला आणि कोणाच्या लक्षात नाही आला, तर तो शेजारच्याला चिकटतो आणि अख्खं लुगडं वाया जातं. म्हणून ज्याला दिसलं त्यानं 'थांबा' म्हणायचं. मग तो घरधनी असो, शेजारीण असो की शाळेत निघालेलं शेंबडं पोर असो. कुंचे जागच्या जागी थांबायचे. तुटलेलं दाखवायचं, जोडायचं, आणि पुढं निघायचं. 'तू कोण सांगणारा' असं तिथं कधी कोणी विचारलं नाही. शामला पाच-सहा वर्षांची असताना तिच्या एका शब्दावर तिचा बाप आणि दोन काका थांबले होते, आणि ती ऐट तिला अजून आठवते.

तर तिनं तेवढा एकच नियम शाळेत आणला. चुकीचं दिसलं की हात वर करायचा आणि 'थांबा' म्हणायचं. सगळ्यांनी थांबायचं, शिक्षकांनीसुद्धा. काय दिसलं ते सांगायचं, काय करावं तेही सांगायचं, मग 'कोणाले काही म्हणायचं आहे का' असं विचारायचं, आणि पुढं निघायचं.

पहिले काही दिवस नुसता तमाशा. "थांबा, मले लघवीले लागली." "थांबा, यानं माझा रबर घेतला." शिक्षक वैतागले. गणिताच्या जितेंद्र सरांना सहावीच्या पोरानं भर वर्गात थांबवलं, कारण त्यांनी फळ्यावर हातचा घ्यायचा सोडला होता. सर फुगून बसले, शामलाशी बोलेनात. पण पोरं फालतूपणा करून करून कंटाळतात, हे शिक्षकांना विसरायला होतं. हळूहळू 'थांबा' कमी झालं आणि कामाचं झालं. आठवीतल्या मोनालीनं खिचडीच्या रांगेत थांबवलं. मुली रोज शेवटी उभ्या राहत आणि त्यांच्या ताटात खरवड येई. त्या दिवसापासून रांग आलटून पालटून मुलींपासून सुरू व्हायला लागली. आणि एक दिवस शिक्षकांच्या सभेत गोपाळराव सर्वेक्षणाचं काम पुन्हा जितेंद्र सरांच्याच गळ्यात मारत होते, तेव्हा सरांनी स्वतः हात वर केला. "थांबा," सर म्हणाले आणि आपलंच ऐकून लाजले. सगळे हसले. काम वाटून घेतलं गेलं. सर शामलाशी बोलायला लागले.

वसंतरावांच्या कानावर हे गेलं. ते येऊन बघून गेले आणि भलते खूश झाले. आठही शाळांमध्ये हेच करा म्हणाले. नुसते म्हणून थांबले नाहीत, मोठा बॅनर करून घेतला: 'थांबा, बोला, पुढे चला'. खाली संस्थेचं नाव, त्याखाली त्यांचा फोटो. शामलाला ते म्हणाले, "मॅडम, जूनपासून ही शाळा तुमच्याच हाती द्यायची आहे मला."

आता खोटं कशाला बोला? शामलाला ती खुर्ची हवी होती. मनापासून हवी होती. त्या शाळेत आजवर जो मुख्याध्यापक आला तो बर्डीकडून आला, धरमपेठेतून आला, आणि पाच वाजले की परत गेला. वस्तीतलं माणूस त्या खुर्चीत कधी बसलं नव्हतं. पहिल्यांदा पंखे मागायचे, मग मुलींच्या संडासाचं दार, मग प्रयोगशाळेचं कुलूप उघडायचं, असं तिनं मनात ठरवूनही टाकलं होतं. तिचा नवरा ईश्वरदास हिंगण्याच्या कारखान्यात. त्यानं तर कंपनीच्या बसमध्ये आधीच पेढे वाटले. बाजारात तुरी, पण माणसाला दम धरवत नाही.

मार्चअखेर मुख्य शाळेच्या मैदानावर संस्थेचा नेतृत्व महोत्सव ठरला. नागपूरचा मार्च म्हणजे काय ते नागपूरकराला सांगायला नको आणि इतरांना सांगून पटत नाही. आठही शाळांतली पोरं सकाळीच आणून उभी केली. फाटकापासून मंडपापर्यंत दोन ओळी, हातात ताटल्या, ताटल्यांत पाकळ्या. पाहुणे आले की उधळायच्या. पाहुणे दहाला येणार होते. अकरा वाजले, बारा वाजले. पाकळ्या वाळून कडक झाल्या. मंडपात पांढऱ्या खोळी घातलेले सोफे, दोन्ही बाजूंना मोठे कूलर घरघरताहेत, टेबलावर संत्रा बर्फीच्या बशा झाकून ठेवलेल्या, आणि बसायला कोणी नाही. वर वसंतरावांचा बॅनर.

ओळीतली दुसरीतली एक पोर डोलायला लागली. तिच्या मागं मोनाली उभी होती. तिनं ताटली खाली ठेवली, हात वर केला आणि म्हणाली, "थांबा."

शामला पाण्याचा जार घेऊन ओळीच्या टोकाला होती. तिला सगळं दिसत होतं आणि ऐकू येत होतं.

"पाहुणे आले नाही," मोनाली म्हणाली. "मंडप रिकामा आहे. कूलर चालू आहे. आपण तिथं बसू. ते आले की उठून ओळीत येऊ. कोणाले काही म्हणायचं आहे का?"

कोणाला काय म्हणायचं असणार? मोनालीनं त्या लहानीला कडेवर घेतलं आणि चालू लागली. मागच्या शाळेची पोरं तिच्यामागं, मग शेजारच्या शाळेची, मग मुख्य शाळेची इस्त्रीच्या गणवेशातलीसुद्धा. इतर शाळांचे शिक्षक इकडे तिकडे बघत राहिले. शामलाला पोरीला अडवता आलं असतं. तिनं अडवलं नाही. खरं सांगायचं तर तिचा ऊर भरून आला. शिबिरात छातीवर हात ठेवून म्हटलेलं ते वाक्य तिला त्या क्षणी पहिल्यांदा खरं वाटलं.

आणि नशीब बघा, तेवढ्यात गाड्या आल्या. ओळी नाहीत, पाकळ्या नाहीत. मंडपात शेकडो पोट्टे. पाहुण्यांच्या सोफ्यावर चौघं जण पाय वर घेऊन बसलेली आणि एक झोपलेला. बर्फीच्या बशा साफ. पोरं कबूल केल्याप्रमाणे उठायला लागली, पण त्या गर्दीत उठायचं कुठं आणि जायचं कुठं? पाहुणे चतुर माणूस. ते हसले, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि माइकवर म्हणाले, "वसंतराव, तुमचे नेते तर आमच्या आधीच खुर्चीवर बसले." सगळं मैदान हसलं. वसंतराव हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शामलाला संस्थेच्या कार्यालयात बोलावणं आलं.

"तुमच्या शाळेतल्या मुलीनं चारचौघांत संस्थेची शोभा केली," वसंतराव म्हणाले.

"साहेब, नियम तर बॅनरवर लिहिला होता."

"बॅनर बॅनरच्या जागी असतो, मॅडम. हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे का?"

नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा. शामलाच्या ओठांवर आलं होतं, तिनं गिळलं. वसंतराव चिडून बोलत नव्हते, हेच वाईट होतं. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, सोमवारी परिपाठाला मी येतो. त्या मुलीनं सगळ्यांसमोर माफी मागावी, दोन-तीन वाक्यं, विषय संपला. नाही तर मला चौकशी लावावी लागेल, तुमच्यावर. चौकशी लागली की बढती अडकते, आणि मग तुमच्याखाली जितेंद्र सर आहेतच. "मला शाळा तुमच्याच हातात द्यायची आहे. एवढ्याशा गोष्टीसाठी घालवू नका," ते म्हणाले, आणि त्यांना ते खरंच वाटत होतं.

घरी ईश्वरदासनं ऐकून घेतलं. "दोन वाक्यं तर आहेत वं," तो म्हणाला. "पोट्टी विसरून जाईन. तुले खुर्ची भेटली तर तिचंच भलं करशीन ना तू?"

शामलालाही तेच वाटायला लागलं होतं. आधी वाकू, खुर्चीत बसू, मग ताठ होऊ. ह्याच हिशेबानं भलीभली माणसं वाकली आणि त्यांची पाठ पुन्हा सरळ झाली नाही. पण तेव्हा तिला फक्त पंखे दिसत होते, आणि संडासाचं दार.

रविवारी ती मोनालीच्या घरी गेली. मोनालीचा बाप चंदन ई-रिक्षा धुवत होता. तो हात पुसत उभा राहिला. "मॅडम, दाखला तर नाही ना देणार पोरीले? तिले समजवा तुम्ही. तुमचंच ऐकते ते."

मोनाली दारात येऊन उभी राहिली. "माझं चुकलं काय, मॅडम?"

"चुकलं नाही."

"मंग माफी काहून मागू?"

 मग शामला जे बोलली ते तिला आजही टोचतं. ती म्हणाली, "माझ्यासाठी माग."

पोट्टीनं तिच्याकडे पाहिलं.  मग "बरं" म्हणाली. शामलानं तिला तीन वाक्यं सांगितली आणि पोरीनं ती लगेच पाठ केली. हुशार होतीच. चंदननं चहा केला, तो न घेताच शामला उठली.

सोमवारी परिपाठ झाला. प्रतिज्ञा झाली, सुविचार झाला. वसंतराव संस्थेच्या दोन सभासदांना घेऊन पुढच्या खुर्च्यांवर बसले होते. कोपऱ्यात चंदन, हात जोडलेले. गोपाळरावांनी मोनालीचं नाव घेतलं. ती ओट्यावर चढली आणि तिनं माइक हातात घेतला.

"महोत्सवाच्या दिवशी माझ्याकडून चूक झाली," ती म्हणाली. शुद्ध बोलली, पाठ केलेली कविता म्हणावी तशी. "मी शिस्त मोडली आणि संस्थेचा अपमान केला."

मैदानात पोरं गप्प होती. खिचडीच्या रांगेत ज्या मुलींनी तिच्यामुळं पोटभर खाल्लं होतं त्या मान खाली घालून उभ्या होत्या. सहावीतला तो हातच्याचा हिशेब दाखवणारा पोरगा शामलाकडे बघत होता. आणि शामलाला एकदम दिसलं, की ह्यातला एकही पोट्टा आजनंतर तोंड उघडणार नाही. पंखे येतील, दार लागेल, प्रयोगशाळा उघडेल, आणि त्या पंख्याखाली ही सगळी अशीच गप्प बसतील, जन्मभर. तिला स्वतःची शिसारी आली.

ती चालत ओट्यावर गेली आणि तिनं मोनालीच्या हातातून माइक घेतला.

"ही वाक्यं हिची नाहीत," ती म्हणाली. "मी पाठ करून घेतली हिच्याकडून. काल हिच्या घरी जाऊन. मले खुर्ची पायजे होती म्हणून."

"मॅडम," वसंतराव उठले. "खाली या. आपण आत बोलू."

"आत बोलूनच हे झालं, साहेब. आता इथंच बोलू." ती ओट्यावरून हलली नाही. "दुसरीतली पोर उन्हात पडायले आली होती. आम्ही इतके मोठे लोक तिथं होतो, एकाच्या तोंडातून शब्द निघाला नाही. हिच्या निघाला. तुम्हाले नेते पायजे होते ना? ही घ्या. ओळीत उभे राहणारे पायजे होते तर शिबिराचा खर्च काहून केला? ते तर आम्ही आधीपासूनच करून राहिलो होतो."

एक सभासद म्हणाला, "याचे परिणाम होतील."

"होऊ द्या. चौकशी लावा, मी येऊन बसते. आणि कोणी विचारलं, की या पोरीले हे कोणी शिकवलं, तर माझं नाव सांगा. पूर्ण सांगा. शामला ईश्वरदास नंदनवार, मागची शाळा."

 वसंतरावांचा चेहरा दुखावलेल्या माणसाचा होता, आणि तो खोटा नव्हता. मग ते गाडीकडे गेले. जितेंद्र सर बुटांकडे पाहत उभे होते. त्यांच्यावर तरी रागवायचं कसं? त्यांच्याही घरी खाणारी तोंडं होती.

शामला मोनालीकडे वळली. "मी तुझी माफी मागते," ती म्हणाली, माइकवरच.

"दोन वाक्यं होऊन गेली होती, मॅडम," मोनाली म्हणाली. "पहिल्याच्या आधी यायचं होतं तुम्ही."

"हो," शामला म्हणाली. दुसरं काय म्हणणार? पोरगी खाली उतरून आपल्या वर्गाच्या ओळीत गेली. ओळीतल्यांनी तिला जागा करून दिली. चंदननं जोडलेले हात सोडले.

जूनमध्ये जितेंद्र सर खुर्चीवर बसले. पंखे जुनेच राहिले. ईश्वरदासला कंपनीच्या बसमध्ये लोक पेढ्यांवरून अजून चिडवतात, पण त्या दिवशीचं सगळं ऐकून त्यानं एवढंच विचारलं होतं, "माइक चालू होता ना वं?" आणि ती 'हौ' म्हणाल्यावर तो पोटभर जेवला होता.

जुलैत चौकशी बसली. बर्डीच्या कार्यालयात टेबलापलीकडे तिघं, अलीकडे शामला. मधले गृहस्थ तसे सौम्य होते. म्हणाले, प्रकरण वाढवायची कोणाची इच्छा नाही. घडल्या प्रकाराबद्दल तुम्हाला पश्चात्ताप झाला, एवढं लिहून दिलंत तर आम्ही फाइल बंद करू, बढतीचंही पुन्हा बघता येईल.

"झालाय ना पश्चात्ताप," शामला म्हणाली.

तिघांनाही हायसं वाटलं. मधल्यांनी पेनाचं टोपण काढलं. "कशाबद्दल, ते एका वाक्यात सांगा."

"त्या पोरीला दोन वाक्यं म्हणू दिली, त्याबद्दल."

पेन तसंच राहिलं. गृहस्थ म्हणाले, हे असं लिहिता येणार नाही. शामलानं खुर्ची पुढे ओढली आणि हात पुढे केला.

"मग पेन इकडे द्या," ती म्हणाली. "मी लिहिते."